गवत हललं की चित्र फुटतं

१४ जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ घ्यायला हर्षाच्या खोलीत गेलो आणि तिथेच बसून राहिलो. आमची ही नात संगणकावर खेळ खेळते, खेळता खेळता बोलते, आणि ते त्याच वेळी लोक आपापल्या घरी बघतात. रानात उतरायचं, बंदूक शोधायची, शेवटपर्यंत जिवंत राहायचं, असा खेळ. बोलते मात्र अस्सल आपल्या तांडापेठ मोहल्ल्यातलं. "अबे थांब ना बे, तो झाडामागं बसून राहिला, तुले दिसत नाही का?" मला हसू आवरेना. पाठ्यपुस्तकात असलं मराठी कधी छापून आलं नाही. आलं असतं तर पोरं आनंदाने शाळेत गेली असती.

मी हे अधिकाराने म्हणतो. माझी सगळी नोकरी शाळेच्या पुस्तकांच्या गोदामात गेली. जूनच्या आधी गठ्ठे फुटायचे, नव्या शाईचा वास यायचा, आणि मी मोजणी सोडून आधी कवितेचं पान उघडायचो.

हर्षाने आज एक बातमी सांगितली. पुण्याची एक कंपनी या खेळाच्या मोठ्या स्पर्धा भरवते. त्यांना मराठीत वर्णन करणारा माणूस हवा आहे, क्रिकेटला असतो तसा. महिनाभर ते हिचं प्रसारण बघणार, मग एक परीक्षेचा सामना. काम घरूनच करायचं, म्हणून पहिली अट अशी की चित्र स्वच्छ दिसलं पाहिजे. नाही जमलं तर एक मार्चपासून बुटीबोरीची नोकरी. तिच्या बापाने आपल्याच कारखान्याच्या ऑफिसात जागा बघून ठेवली आहे. तो धाग्याच्या कारखान्यात पाळीवर जातो. त्याला वाटतं पोरीने खेळणं पुरे करावं.

"आबाजी, तुमाले काय वाटते?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "माझा बाप म्हणे, कविता वाचून पोट भरते का. मी गोदामात लागलो आणि तिथं पगार घेऊन वाचल्या."

१७ जानेवारी

हर्षाची अडचण आज डोळ्यांनी पाहिली. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर तिचं प्रसारण लावून बसलो होतो. सात-साडेसातला ठीक. नंतर माझा फोन आटोपून परत आलो तर रानाचे चौकोन झालेले. झाड नाही, गवत नाही, नुसत्या हिरव्या-काळ्या फरश्या. जणू कोणी चित्रावर लादी बसवली. बघणारे खाली लिहीत होते, ताई, काही दिसून नाही राहिलं. टीव्हीवर सगळं मिनिटभर मागून येतं म्हणे, मी टेकलो तोवर चित्र पुन्हा जुळलं.

केबलवाला पिंटू म्हणतो की नवी मोठी लाइन मिळेल, पण गल्लीत सिमेंट रोडसाठी खोदून ठेवलं आहे, ते बुजल्याशिवाय नाही. खोदलेलं कधी बुजेल ते पिंटूला ठाऊक नाही आणि खोदणाऱ्यालाही नाही.

माझा फोन म्हणजे रुपरावला. सातवीपर्यंत मी मामाकडे नरखेड तालुक्यात शिकलो, तेव्हा रुपराव माझ्या बाकावर होता. पुढे त्याने संत्र्याची बाग केली, मी गठ्ठे मोजले. दिवाळीच्या आधी त्याला झटका आला आणि वाचा गेली. सगळं समजतं, शब्द तेवढा येत नाही. डॉक्टर म्हणाले, ओळखीचं काही ऐकवा, बोलणाऱ्याचं तोंड दिसू द्या, ओठ बघून ओठ हलतील. तेव्हापासून रोज आठला, त्याचं जेवण झालं की त्याची सून मिनल फोन समोर धरते आणि मी त्याला आमच्या गुरुजींची कविता म्हणून दाखवतो.

ही कविता कोणत्याच पुस्तकात नाही. गुरुजींनी स्वतः रचलेली. ते ओळ म्हणत, शेवटचा शब्द गिळून टाकत आणि आमच्याकडे बघत. आम्ही पोरं छप्पर उडेल असा तो शब्द ओरडायचो. सगळ्यांत मोठा आवाज रुपरावचा.

२० जानेवारी

हर्षाचा सगळा दिवस जुळवाजुळवीत गेला. वायरलेस काढून तार ओढली. खेळातलं गवत कमी केलं. (खेळात गवत कमी करता येतं! आमच्या मामाला हे कळायला हवं होतं.) सावल्या काढल्या. तरी आठनंतर लाद्याच.

चित्राच्या कोपऱ्यात हर्षा स्वतःही दिसते, आणि तिच्या मागची भिंत ओकीबोकी दिसत होती. पेटीतून माझ्या आईने विणलेली बारीक चौकड्यांची चादर काढली आणि दुपारी ती बाहेर गेली असताना तिच्या खुर्चीमागे टांगली. आईच्या हातमागावरची शेवटची वस्तू. हर्षा आल्यावर जरा वेळ बघतच राहिली. मग म्हणाली, "मस्त दिसते, आबाजी." पोर भारावली.

२१ जानेवारी

हर्षा आता काम करताना पंखा बंद ठेवते. विचारलं तर म्हणाली थंडी वाजते. दारं-खिडक्या बंद, मशीन तापलेलं, कपाळावर घाम, आणि म्हणे थंडी. विजेचं बिल वाचवत असेल. मुलगी समजूतदार आहे.

२५ जानेवारी

आज तिने मला नीट समजावून सांगितलं, आणि मला समजलं! लिहून ठेवतो.

लाइन खाली यायला मोठी, वर जायला लहान. बघणाऱ्यापर्यंत चित्र वर जाऊनच पोचतं. सेकंदाला अमुक इतकंच सामान जाणार, त्याला ती बिटरेट म्हणते. स्थिर गोष्टीला सामान कमी लागतं, हलणाऱ्या गोष्टीला जास्त.

"गवत हललं का, आबाजी, सगळं सामान गवतच खाऊन टाकते. मंग माणसाच्या तोंडाले काही उरत नाही. चित्र फुटते."

"म्हणजे मात्रा," मी म्हटलं.

"काय?"

मी गुरुजींची ओळ म्हटली आणि बोटांवर मोजून दाखवली.

विहिरीवरती मोट नाचते, पाणी गाते गाणे,
बांधावरच्या बोरीखाली चिमण्या टिपती दाणे.

आधी सोळा, मग बारा. एवढीच जागा. त्यात विहीर, मोट, पाणी, बोर, चिमण्या सगळं आलं, कारण गुरुजींनी मोटेचा रंग सांगितला नाही, बैलाचं नाव सांगितलं नाही. तेही कोंबलं असतं तर ओळ फुटली असती.

हर्षाने माझ्यासारखीच बोटांवर ओळ मोजून पाहिली. मग तिने चित्राचा आकार एक पायरी लहान केला. "मोठं चित्र चौकोनाचं, त्यापरीस लहान चित्र साफ बरं," म्हणाली. मला वाटलं माझ्यामुळे केलं. पण नंतर कळलं की सगळेच असं करतात, हिने उगाच हट्टाने मोठं ठेवलं होतं. असो. माझी ओळ निमित्त झाली, एवढं मी माझ्या नावावर मांडतो.

३० जानेवारी

लहान चित्रही आठनंतर फुटतं. सव्वाआठच्या सुमारास आपोआप बरं होतं. हर्षा म्हणाली, सॉफ्टवेअर लाइन बघून आपणच सामान कमी करतं, पण लाइन त्याच वेळेला का आखडते ते कळून नाही राहिलं. पिंटू म्हणतो, गल्लीतले सगळे त्या वेळी मालिका बघतात. वंदना, माझी सून, त्याला म्हणाली, "तुझ्या घरची लाइन कशी नाही आखडत मंग?" पिंटू चहा अर्धा टाकून उठला.

२ फेब्रुवारी

आज फोन चालू असताना हर्षा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. पाण्याची बाटली हातात. मी दुसऱ्या कडव्यावर होतो, रुपरावचे डोळे माझ्या ओठांवर. हर्षा बघत राहिली. आधी माझ्याकडे, मग फोनकडे, मग वर भिंतीवरच्या इंटरनेटच्या लुकलुकणाऱ्या डब्याकडे. दोन ओळी ऐकल्या आणि पाय न वाजवता निघून गेली.

मनाला बरं वाटलं. हिला कविता आवडत नाही असं मी धरून चाललो होतो.

३ फेब्रुवारी

"आबाजी, सापडलं! आता नाही फुटणार." हर्षाने सकाळीच जाहीर केलं. काय सापडलं विचारलं तर म्हणाली, सेटिंग होती एक.

संध्याकाळी पाहिलं. खरंच, आठनंतरही लाद्या नाहीत. चित्र मात्र आणखी लहान आणि जरा अडखळल्यासारखं, जुन्या टुरिंग टॉकीजमध्ये असायचं तसं. ती म्हणाली, सेकंदाला साठ चित्रं जायची, आता तीस जातात. माझं त्याने काही बिघडलं नाही. खाली एकाने लिहिलं होतं, ताई, तुझं प्रसारण आज दहा वर्षं मागे गेलं काय. मला हा दोष वाटेना. दहा वर्षांपूर्वी आमची ही होती, सगळं बरंच होतं.

९ फेब्रुवारी

पुण्याहून निरोप आला. बोलणं आवडलं, फार आवडलं. पण परीक्षेचा सामना सोळा तारखेला संध्याकाळी साडेसात ते नऊ, आणि चित्र साठचंच हवं. तीसचं चालणार नाही, हलताना गोळी दिसत नाही म्हणे.

मी म्हटलं, "मग लाव साठ. तू तर सेटिंग शोधली आहेस."

"लावते ना," ती म्हणाली आणि स्क्रीनकडे तोंड फिरवलं.

जेवताना तिचा बाप म्हणाला, "एक तारीख विसरू नको. मी शब्द देऊन ठेवला आहे." हर्षाने वरणात भात कालवला आणि कालवतच राहिली.

११ फेब्रुवारी

रुपरावला तपासणीसाठी काटोलला नेलं होतं, त्यांना परतायला उशीर झाला, म्हणून आज फोन नाही. रिकामपणी टीव्हीसमोर बसलो. आणि काय सांगू! हर्षाने साठ लावून पाहिलं होतं. गवताचं पातं न् पातं वेगळं. डोंगरावरून एक जण पळत आला तर त्याच्या बुटांची धूळ दिसली. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले, एक लादी नाही. आज हवा कोरडी होती, त्याचा परिणाम असावा.

१२ फेब्रुवारी

सकाळी वंदना अंगणात मेथी निवडत होती. मी कौतुकाने म्हटलं, "काल पाहिलं का पोरीचं चित्र? काच! मशीन सुधारलं तिनं."

वंदनाने मान वर केली नाही. "मामाजी, काल तुमचा फोन नव्हता."

"फोनचा काय संबंध?"

"घरात नळ एकच आहे ना. तुम्ही इकडं बादली लावली का तिकडं तिची धार बारीक होते. तुमचं तोंड बी वरतंच जाते ना, रुपरावकाकाजीले दिसाले."

मी वळून माझ्या खोलीकडे पाहिलं.

"तिनं मले बजावलं होतं, आबाजीले सांगायचं नाही म्हणून. पण मले राहवत नाही. चार दिवसांवर परीक्षा आली. ती म्हणते, आठ ते सव्वाआठ कसंबी काढीन. काढीन म्हणजे काय? तेच तर ते लोक बघणार."

"हे कधीपासून माहीत आहे तिला?"

"तुमच्या दारात उभी होती ना एक दिवस, तवापासून."

मी खाली बसलो. मेथीच्या चार काड्या उगाच निवडल्या. मग विचारलं, "आणि पंखा?"

वंदनाला हसू आलं. "ते बी सांगू का? चादर हलते पंख्यानं. एवढ्या बारीक चौकड्या हलल्या का गवतापरीस वाईट. तुम्ही मोठ्या हौसेनं लावली, म्हणून तिनं पंखाच बंद केला."

दुपारी चादर काढून घडी घातली आणि पेटीत ठेवली. हर्षाला सांगितलं, कसर लागेल म्हणून काढली. तिने काही विचारलं नाही. पंखा लावला.

१३ फेब्रुवारी

फोनचं काय करावं? दिवसभर तोच विचार. वेळ बदलावी तर रुपराव दुपारी गोळ्यांनी झोपलेला असतो, आणि मिनल सात-साडेसातपर्यंत बागेत. मृग बहाराची संत्री उतरवणं चालू आहे, बाया मोजून पाठवल्याशिवाय तिला हलता येत नाही. नवाच्या आत तो झोपतो. त्याच्या दिवसात आठ वाजताची ती एकच खिडकी आहे.

टॉवरचं इंटरनेट आमच्या गल्लीत तोंड दिसेल इतकं पकडत नाही, जे आहे ते घरचंच. नुसता साधा फोन करता येतो, आवाजाचा. त्याला घरच्या लाइनचं काही लागत नाही, हर्षाला आडून आडून विचारून खात्री केली. पण तोंड दिसल्याशिवाय रुपरावचे ओठ हलणार कसे? गेल्या आठवड्यात कुठे खालचा ओठ हलायला लागला होता. तो मी त्याच्यापासून काढून घेऊ का? आणि हर्षापासून तिचं काय काढून घेऊ?

गुरुजी असते तर विचारलं असतं. गुरुजी असते तर त्यांनीही शेवटचा शब्द गिळला असता आणि माझ्याकडे बघितलं असतं.

१६ फेब्रुवारी

परीक्षा झाली. सगळं क्रमाने लिहितो.

सातला हर्षा माझ्या खोलीत आली. केस बांधलेले, वंदनाने चाटवलेलं दही ओठाच्या कडेला. "आबाजी, तुमचा फोन आठलेच लावजा हं. माह्यासाठी थांबू नका."

मी म्हटलं, "आज लवकर करून टाकला. रुपरावला झोप येत होती."

मिनलला दुपारीच कळवून ठेवलं होतं. आठ वाजता मी ओट्यावर जाऊन बसलो आणि साधा फोन लावला. समोर खोदलेला रस्ता, त्यावर टाकलेली फळी, फळीवरून सायकल काढणारा एक जण. मिनल म्हणाली, "काकाजी, फोन त्यांच्या कानाशी धरला. म्हणा."

मी पहिलं कडवं म्हटलं. काही नाही. नुसता श्वास. समोर तोंड नाही, तर मलाच कुणाला म्हणतो आहे ते कळेना. दुसरं कडवं घाईघाईने उरकलं आणि विचारलं, "रुपराव, ऐकून राहिला का गा?" श्वास. मिनल म्हणाली, "काकाजी, ते फोनकडंच बघून राहिले. तुम्ही दिसत नाही म्हणून शोधून राहिले." पुढे मला म्हणवलं नाही. उद्या बोलतो म्हणून ठेवून दिला.

आतून हर्षाचा आवाज येत होता, उंच, पाण्यासारखा. "आला, आला, आला, अबे मागं बघ, मागं!" मी आत गेलो नाही. चित्र कसं होतं ते मी पाहिलंच नाही. नऊनंतर ती बाहेर आली, माझ्या शेजारी ओट्यावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडते की हसते, कळेना. वंदना आतून ओरडली, "एक बी चौकोन नाही आला!"

१७ फेब्रुवारी

निकाल नाही. आठला पुन्हा साधा फोन. पुन्हा नुसता श्वास. आज मी घाई केली नाही, एवढंच.

१९ फेब्रुवारी

पुण्याहून दुपारी फोन आला. हर्षाला घेतलं. मार्चपासून आठवड्यात चार दिवस, संध्याकाळी साडेसात ते नऊ. तिचा बाप कामावरून आला तेव्हा तिने स्वतः सांगितलं. तो चपला काढता काढता थांबला. म्हणाला, "ऑफिसात काय सांगू आता?" मग चपला भिंतीशी लावून, "टीव्हीवर कुठं लागते तुझं ते, मले लावून दाखव."

पेढे घेऊन ती माझ्याकडे आली. "त्या दिवशी तुम्ही खोटं बोलले. मिनलकाकूनं फोन केला होता मले. मले सांगितलं काहून नाही?"

"तू सांगितलं होतं का वं मले? पंख्याचं, तीसचं?"

तिने पेढा मोडला. अर्धा तुकडा माझ्या तोंडात कोंबला आणि उरलेला स्वतः खाल्ला. मग म्हणाली, "रस्ता बुजला का मोठी लाइन घेऊ. मंग तुम्ही बी, मी बी."

"बुजेल तेव्हा," मी म्हटलं.

आठला ओट्यावर गेलो. आज मिनलने फोन लावून दिला आणि त्याच्या उशाशी ठेवला. ती म्हणाली, खिडकी उघडी आहे, अंबिया बहार फुलला, वास घरात येतो. मी डोळे मिटून म्हणायला लागलो. ते शेवटचं कडवं, जे म्हणताना गुरुजींचा आवाज नेहमी थोडा खाली यायचा:

उन्हात तापुन घरी परतता आई पुसते काही,
ओंजळ माझी रिकामीच पण वास फुलांचा...

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा मिक्सर धडधडत वळला, हॉर्न वाजवत. काही ऐकू येईना. मी थांबलो, फोन कानाशी घट्ट दाबला आणि त्याच्या जाण्याची वाट बघू लागलो. गाडी गेली. धूळ खाली बसली. आणि त्या शांततेत पलीकडून, जाड, ओला, अर्धा मोडलेला, पण सातवीच्या वर्गात सगळ्यांच्या वर ऐकू यायचा तोच आवाज आला.

"राही."

मिनल काहीतरी ओरडली. कुणाला तरी हाका मारत आत धावली असावी, पावलं ऐकू आली. फोन उशाशीच राहिला. मी काही विचारलं नाही, शाबास म्हटलं नाही. पहिल्या कडव्याकडे परत गेलो. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, बांधावरच्या बोरीखाली चिमण्या टिपती, असं म्हटलं, आणि थांबलो.